होल्डॉलचा पट्टा

"वाक. अजून वाक. नाक जमिनीला लागंल इतकी वाक."

"पडेन की बाई!"

"पडलीस तर पड. मी धरलंय न्हवं मागनं?"

माझ्या कमरेला पट्टा होता आणि त्याचं दुसरं टोक बाईंच्या हातात. टाचा उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर आणि अंग पुढे इतकं कललेलं, की मागून पट्टा सुटला तर सरळ तोंडावर. बाईंनी "जा" म्हटलं की जोर लावून पावलं टाकायची. त्या मागून धरून ठेवायच्या, मी ओढायचे आणि मध्येच कधीतरी, न सांगता, त्या पट्टा सोडून द्यायच्या. कधी सोडणार ते कळू द्यायचं नाही, यातच सगळं शिकवणं होतं. सुटल्याचं कळलं की माणूस मान वर करतो. मान वर झाली की अंग उभं राहतं आणि अंग उभं राहिलं की पाऊल कमरेच्या पुढे जाऊन पडतं.

"पुढं पडलेलं पाऊल म्हंजे ब्रेक," बाई म्हणायच्या. "आपण जमीन मागं ढकलायची असती, तिच्यावर जाऊन आपटायचं न्हाई. आणि पट्टा सुटला तरी मागं बघायचं न्हाई. मागं काय ठेवलंय तुझं?"

माझ्या हनुवटीवर अजून एक बारीक व्रण आहे. तो त्या पहिल्या वर्षातला. लग्नात मेकअप करणाऱ्या मुलीने तो झाकायला फार कष्ट घेतले आणि मी दर वेळी तिचा हात बाजूला केला.

बाई म्हणजे एस्तेर रणभिसे. मिरजेत मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. तरुणपणी विद्यापीठाकडून अडथळ्यांची शर्यत पळालेल्या. अंगाने आडव्या, आवाज खणखणीत आणि हात असे की नळाची घट्ट बसलेली तोटीसुद्धा शिपाई त्यांच्याकडेच घेऊन यायचा. शाळा सुटून मला वर्षं झाली होती तरी त्यांनी मला सोडलं नव्हतं. पट्टा त्यांच्या यजमानांचा, सॅमकाकांचा. काका रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवर अंथरूण न्यायचा त्यांचा होल्डॉल फाटला, पण जाड कॅनव्हासचा पट्टा शाबूत राहिला, तो बाईंनी ग्राउंडवर आणला. काका मला म्हणायचे, "माझी झोप बांधायचा पट्टा तो. आता तुझी झोप उडवायला लागलाय."

माझी झोप खरंच उडाली होती. शंभर मीटरमध्ये माझा शेवट चांगला होता. बघणारे म्हणायचे, मगदुमांची त्रिशला शेवटाला वाऱ्यासारखी येते. पण येते म्हणजे मागून येते. पहिल्या तीस मीटरमध्ये मी हरायचे आणि उरलेल्या सत्तरात इतरांच्या पाठी बघत धावायचे. पतियाळाच्या रिलेच्या शिबिरासाठी राष्ट्रीय स्पर्धेतून पहिल्या चौघी घ्यायच्या आणि मी लागोपाठ दोन वर्षं पाचवी. पाचव्या नंबरासारखी वाईट जागा नाही. शेवटून पहिली आलेलीला निदान घरी जाऊन रडता येतं. पाचवीला सगळे "थोडक्यात गेलं" म्हणून समजावत बसतात. आमच्या वडिलांची, दादांची, पिठाची गिरणी होती. त्यांनी कधी अडवलं नाही, पण त्या वर्षी जेवताना एवढंच म्हणाले, "या साली बघू, त्रिशला. मग थांबायचं." मी मान हलवली. जे काय व्हायचं ते त्या एका स्पर्धेवर होतं आणि तिथेही पहिल्या तीस मीटरवर.

म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही दुसरं काही केलंच नाही. रोज सकाळी पट्टा.

बाई सुरुवातीला मला एका हाताने धरायच्या. दुसऱ्या हातात टपरीवरच्या चहाचा ग्लास. मी जीव तोडून ओढायचे, नडग्या जमिनीकडे कलवून, कोपरं मागे मारत, आणि मागे बाई सावकाश चहा पीत चालायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, चहा तरी सांडायचा थोडा. माझ्या समाधानाला."

"ओढ की मग. सांडव." त्या हसून म्हणाल्या. "पाय उचलून नाचालीस तू. पहिली पावलं खालनं आण, जमिनीला घासतंय असं वाटलं पाहिजे. नडगी उभी झाली की जोर आभाळात जातो. आभाळात शर्यत हाय का तुझी?"

चहा सांडवणं हेच मग माझं वेड झालं. राष्ट्रीय स्पर्धा वगैरे बाजूलाच राहिलं, बाईंच्या हातातला ग्लास हलला पाहिजे. आणि एका सकाळी तो हलला. मी ओढलं, मागून "अगं अगं" ऐकू आलं, पट्टा सुटला आणि मी मान खाली ठेवून पुढे निघून गेले. परत आले तर बाईंच्या साडीवर चहा आणि ग्लास मातीत. मी ग्राउंडभर नाचले. बाई नुसत्या आपल्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बैल झालीयास गं तू. बैल."

त्यानंतर चहा बंद झाला. बाई दोन्ही हातांनी धरायला लागल्या. थोड्या दिवसांनी पट्ट्याचा वेढा मनगटाला घ्यायला लागल्या. आणि तरी पट्टा लवकर लवकर सुटायला लागला. आधी बरंच अंतर ओढल्यावर सुटायचा, मग त्याच्या निम्म्यात, मग जेमतेम चार पावलांत. मला काय, आभाळ ठेंगणं. मी घरी सांगितलं, गिरणीत दळण आणणाऱ्या बायकांना सांगितलं, की बाईंना मी आता झेपत नाही. जिच्याकडून तोट्या उघडून घेतात तिच्या हातून मी पट्टा हिसकते म्हणजे काय साधी गोष्ट! सॅमकाकांनाही सांगितलं. ते सायकल पुसत होते. पुसता पुसता थांबले आणि म्हणाले, "व्हय गं. पैलवान झालीस." आणि परत पुसायला लागले.

आणि खरंच मी बदलले. सुटताना पाय टेकवायच्या ब्लॉकमध्ये बसले की आधी मी शेजारणींकडे बघायचे, ते बंद झालं. मला धरून ठेवणारं जगात कोणी नाही असं वाटायला लागलं की माणूस वेगळाच झुकतो. मी पडायच्या भीतीशिवाय झुकायला लागले. पाऊल बरोबर कमरेखाली पडायचं, जमीन मागे जायची आणि अंग आपोआप, हळूहळू, त्याच्या वेळेला उभं राहायचं. सरावात मुलं माझ्याबरोबर सुटायची, तीही पहिल्या तीस मीटरला मागे राहायला लागली.

बाईंच्या पद्धती त्या उन्हाळ्यात जरा बदलल्या होत्या. स्टार्ट द्यायला त्या दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायच्या. त्या सोडून शिट्टी वाजवायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "कान बदलून बघू." ब्लॉक ठोकायचं कामही माझ्याकडे आलं. "स्वतः ठोकलेल्या ब्लॉकवर जास्त भरवसा बसतो," म्हणाल्या. मला ते सगळं पटत होतं. बाईंच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी कारण असायचंच, आणि मोठ्या स्पर्धेच्या आधी गुरू थोडा थोडा बाजूला होतो हे मी कुठेतरी ऐकलं होतं.

त्या वर्षी स्पर्धा लखनौला होती. स्टेशनावर बघते तर सॅमकाकाही बॅग घेऊन उभे. ते कधी यायचे नाहीत.

"काका, तुम्ही?"

"पास फुकट जातोय गं माझा. म्हटलं लखनौची बिर्याणी खाऊन येऊ."

"बायकोच्या मागं मागं यायला लागलाय म्हातारपणी," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. गाडीत काकांनी डबा उघडला, बाईंच्या भाकरीचे तुकडे करून ठेवले, चहा बशीत ओतून दिला. मी त्यांची खूप थट्टा केली. असा नवरा मला मिळाला तर मी पळणं सोडून देईन, असंसुद्धा म्हणाले. काका हसले. बाई हसल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अंतिम फेरीच्या आधी छातीवरचा नंबर लावायचा असतो. सात वर्षांत प्रत्येक शर्यतीला तो बाईंनी लावला होता. तोंडात पिना धरून, चारी कोपरे ताणून, "हाल नको, टोचंल," असं बजावत. माझा तो देव होता म्हणा ना. मी नंबर आणि पिना घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आज तुझा तू लाव," बाई म्हणाल्या.

"असं काय बाई? आजच?"

"आजच. लाव म्हटलं न्हवं? किती दिवस मी लावायचा?"

आवाज चढला होता. मला वाईट वाटलं, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. मी पिना लावल्या, एक कोपरा तिरका गेला. जायला निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, "त्रिशला."

"काय?"

"काय झालं तरी मान वर करायची न्हाई. मागं, बाजूला, कुठं म्हंजे कुठं बघायचं न्हाई. अंग आपण होऊन उभं राहील तेव्हा राहू दे. कळलं?"

"कळलं बाई."

"मी धरलंय मागनं, असं समज. आणि जा."

ब्लॉकमध्ये बसले. लाल ट्रॅकवर पांढरी रेघ, तिच्यामागे माझी बोटं. "सेट" झालं. कंबर वर. मग पिस्तूल वाजलं आणि मला फक्त जमीन दिसत राहिली. लाल जमीन मागे जात होती, माझेच पाय ती मागे फेकत होते आणि कानात दुसऱ्या कुणाचे श्वास नव्हते. अंग हळूहळू उभं राहिलं, मान आपोआप वर आली, तर समोर कुणाची पाठच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला शंभर मीटरची अख्खी वाट रिकामी दिसली. मी घाबरलेच जरा. शेवटी शेवटी दोघी माझ्या पुढे गेल्या, पण दोघीच. मी तिसरी आले. पतियाळा पक्कं.

मी प्रेक्षकांकडे धावले. बाई खालच्याच पायरीवर बसल्या होत्या, काका शेजारी. सगळे टाळ्या वाजवत होते. बाईंचे हात मांडीवर होते, पदराखाली. डोळे भरलेले, पण हात मांडीवर.

"तीस मीटरपर्यंत मान खाली होती," त्या म्हणाल्या. "बघितलं मी."

"टाळी तरी वाजवायची की बाई!" मी म्हणाले. मला खरंच लागलं होतं. एवढं करून एक टाळी नाही?

टाळ्या विरल्या होत्या, पुढच्या शर्यतीची घोषणा चालू होती, आणि अचानक काका टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. जोरजोरात, थांबेचनात. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. मी म्हटलं, "पुरे काका, पुरे." तरी ते वाजवत राहिले.

मग पतियाळा. नवे प्रशिक्षक, नव्या मुली, सकाळ-संध्याकाळ अंगाचा भुगा. रविवारी बूथवरून मी बाईंना फोन करायचे. आधी बाई बोलायच्या. मग त्यांचे शब्द जरा जड यायला लागले. काका म्हणाले, दाढ काढलीय. पुढच्या वेळी म्हणाले, सर्दी झालीय. मग फोनवर काकाच बोलायला लागले आणि बाई काय म्हणतात ते मला सांगायला लागले. "मान विचारती तुझी." "खाली आहे म्हणावं," मी सांगायचे.

नाताळात चार दिवस सुट्टी मिळाली. घरी बॅग टाकून संध्याकाळी तशीच बाईंकडे गेले. दारावर कागदाची चांदणी टांगली होती. चपला काढून आत गेले तर बाई खुर्चीत. पाठीला उशा, मानेला आधार. ते तोटी उघडणारे हात मांडीवर पडलेले, बोटं आत वळलेली, पंज्यांवरचं मांस गेलेलं. काका त्यांना चमच्याने मऊ भात भरवत होते. बाईंनी मला बघितलं आणि हसल्या. हसणं तेवढं आधीचं होतं.

मी आत जाऊन पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात उभी राहिले. काका मागून आले.

"कधीपासून, काका?"

"नसांचा आजार हाय. मागच्या उन्हाळ्याच्या आधीच सांगितलं होतं डॉक्टरांनी. हातापासनं सुरू झालं. इलाज न्हाई म्हणाले."

"उन्हाळ्याच्या आधी?" मला अर्थ लागेना. "पण उन्हाळाभर तर त्या मला..."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तिनं पट्टा सोडला न्हाई गं, त्रिशला. तिच्या हातातनं तो निसटायचा."

मी ओट्याला धरून उभी राहिले. तो सांडलेला चहा, ती साडी, माझा ग्राउंडभरचा नाच. गिरणीतल्या बायकांना सांगितलेल्या फुशारक्या. पिना. टाळी. काका एकटेच किती वेळ टाळ्या वाजवत होते. दोघांच्या वाटच्या वाजवत होते ते. मला रडूही येईना.

बाहेर आले, बाईंच्या पायाशी बसले.

"का नाही सांगितलंत?"

बाईंचे शब्द आता एकमेकांत मिसळत होते, पण ऐकायची सवय झाल्यावर कळत होते. "सांगितलं असतं, तर मान वर केली असतीस तू. मागं बघत पळाली असतीस."

"म्हणजे माझा जोर वाढला नव्हताच."

"वाढला की. आधी तुला वाटला, मग वाढला." त्या दम खायला थांबल्या. "तुझ्या तोंडाकडं बघून सांगवलं न्हाई गं. किती नाचलीस त्या दिवशी."

मग मी रडले. बाईंच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, लहान मुलीसारखी. त्यांचा हात माझ्या केसांपाशी होता, पण तो डोक्यावर ठेवायचा तर काकांनी उचलून ठेवावा लागला.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "सॅम, पट्टा आण."

काकांनी खुंटीवरचा पट्टा आणला. बाईंनी डोळ्यांनीच खुणावलं. मी उठून तो कमरेला बांधला. काकांनी दुसरं टोक बाईंच्या बोटांत दिलं, वरून बोटं मिटवली आणि बाजूला झाले. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले. दार उघडंच होतं. बाहेर अजून उजेड होता.

"वाक."

मी वाकले. पण बेताने वाकले. सगळा तोल माझा मी सांभाळला, पट्टा जेमतेम ताठ होईल इतकंच. म्हटलं, धरल्यासारखं वाटू दे त्यांना.

"टाच टेकलीया," मागून आवाज आला. "मला फसवतीस व्हय गं?"

मी टाचा उचलल्या. भार चवड्यांवर घेतला आणि ग्राउंडवर झुकायचे तशी झुकले, पूर्ण, नाक फरशीकडे. आणि पट्टा ताणला गेला. मी कुणालाही शपथेवर सांगेन, एक क्षण बाईंनी मला धरलं होतं. त्या हातांत काही उरलेलं नाही हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी सांगते, धरलं होतं.

मग सुटला. मी उंबऱ्यात हातांवर पडले.

"मागं बघू नको," बाई म्हणाल्या. आवाज फाटला होता. काका काहीतरी पुटपुटले, खुर्ची करकरली. "बघू नको म्हटलं न्हवं? जा."

मी उठले आणि पळाले. पट्टा कमरेलाच, मागे फरफटत, अनवाणी, अख्खी गल्ली. कोपऱ्यावरच्या चर्चच्या भिंतीपर्यंत. लोक बघत होते. मान खाली ठेवून पळाले. वळले नाही. दुसऱ्या दिवशी जावं म्हटलं, पण आईनेच अडवलं, म्हणाली, त्या बाईला तुला तसंच जाताना बघायचं होतं, जाऊ नकोस. मला ते पटलं. रात्रीच्या गाडीने मी पतियाळाला गेले. पट्टा बॅगेत होता, चपला बाईंच्या दारात राहिल्या.

फेब्रुवारीत बाई गेल्या. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बायका येऊन बसून गेल्या होत्या आणि काका एकटे व्हरांड्यात. उंबऱ्याशी माझ्या चपला तशाच होत्या, एक सरळ, एक उलटी, काढल्या तशा. आजूबाजूची फरशी पुसलेली होती. फक्त तेवढी जागा सोडून.

"या अजून इथंच?" मी विचारलं.

"तिनं उचलू दिल्या न्हाईत," काका म्हणाले. "कामवालीनं एकदा हात लावला तर केवढी चिडली. म्हणाली, असू देत तिथंच. पोरगी अजून पळतीया."

मी चपला हातात घेतल्या. पायात घालवेनात. तशीच अनवाणी गल्लीतून चालत चर्चच्या भिंतीपर्यंत आले आणि तिथे थांबून मागे वळून बघितलं. दारात काका उभे होते, हात वर करून.